अपडेट करताना लाइट गेली आणि राउटर बंद पडला: परत उभा कसा करायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दापोलीजवळच्या घरी टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन राउटर आहे, खालच्या लेबलवर व्हर्जन ९ आहे. कंपनीच्या साइटवरून घेतलेलं फर्मवेअर (राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) टाकताना मध्येच लाइट गेली. आता नुसता पॉवरचा दिवा लागतो. वायफायचं नाव दिसत नाही, १९२.१६८.०.१ उघडत नाही. रिसेट कितीतरी वेळा दाबून झालं, ३०-३०-३० चा उपायही करून झाला. दुकानदार म्हणतो फेकून द्या. लॅपटॉप आहे, लॅनची केबल आहे. काही होईल का?

होईल, आणि बहुधा स्क्रू न उघडता होईल. कोल्हापुरात नेटवर्कची कामं आणि दुरुस्ती करत मला १७ वर्षं झाली. पावसाळा लागला की असे राउटर टेबलावर यायला लागतात, आणि त्यातले बरेचसे आधी कुणीतरी 'डेड' म्हणून परत पाठवलेले असतात. चांगली वस्तू अशी कचऱ्यात गेलेली मला बघवत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाई मात्र करू नका. लाइट गेल्यानं झालेलं नुकसान भरून निघतं. नंतर घाईघाईनं जे हाताला लागेल ते टाकत सुटल्यावर जे होतं, ते निस्तरणं अवघड असतं.

आधी आत काय झालंय ते बघू. या राउटरमध्ये ४ एमबीची एक फ्लॅश चिप असते, आठ पायांची, बोटाच्या नखाहून लहान. त्या ४ एमबीची वाटणी ठरलेली आहे. पहिले १२८ केबी बूटलोडरचे, म्हणजे पॉवर दिल्यावर सगळ्यात आधी जागा होऊन फर्मवेअर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे; त्याचं नाव यू-बूट. पुढचे ३.७५ एमबी मुख्य फर्मवेअरचे: लिनक्सचं कर्नल, त्याच्या फाइली आणि ब्राउझरमध्ये दिसणारं सेटिंगचं पान. मग ६४ केबी तुमच्या सेटिंगसाठी. आणि अगदी शेवटचे ६४ केबी एआरटी नावाच्या भागाचे. कारखान्यात त्या एका नगाच्या रेडिओचं मोजमाप घेऊन जे आकडे काढतात, ते तिथं लिहिलेले असतात. या शेवटच्या भागाकडे मी पुन्हा येणार आहे.

अपडेट करताना नवी फाइल आधी रॅममध्ये येते. मग फ्लॅशमधला ६४ केबीचा एकेक ठोकळा पुसायचा आणि भरायचा, असं काम चालतं. मध्येच लाइट गेली की काही ठोकळे नवे, एखादा अर्धा, बाकीचे जुनेच राहतात. परत चालू केल्यावर बूटलोडर जागा होतो, फर्मवेअरकडे बघतो, ते धड नाही म्हटल्यावर पुढं जाता येत नाही आणि तिथंच उभा राहतो. साधारणपणे अपडेट बूटलोडरच्या पुढच्या जागेपासून लिहिलं जातं, त्यामुळे तो शाबूत असण्याची शक्यता मोठी. तुम्ही टाकलेल्या फाइलच्या नावात 'बूट' असा शब्द होता का, हे बघून ठेवा. तसं असेल तर त्या फाइलच्या पोटात बूटलोडरही होता, आणि त्या भागालाही हात लागलेला असू शकतो. ते आपण काही न लिहिता, नुसतं ऐकून तपासणार आहोत.

त्याआधी दोन गोष्टी फर्मवेअरच्या बाहेरच्या. पहिली अडॅप्टर. या मॉडेलला ९ व्होल्ट, ०.६ अँपिअरचा लागतो. जुना अडॅप्टर मीटरवर ९ व्होल्ट दाखवतो आणि राउटरनं ओढ घेतली की खाली बसतो. दिवे लागतात, विझतात, परत लागतात, आणि माणूस फर्मवेअरला दोष देत बसतो. त्याच रेटिंगचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. अँपिअर जास्त चालतील, व्होल्ट नाही. शेजारच्या राउटरचा १२ व्होल्टचा पिनला बसतो म्हणून लावायचा मोह होतो, तो टाळा. दुसरी गोष्ट वीज पडणं. कोकणात केबलवाटे आत आलेला झटका लॅनचा पोर्ट किंवा प्रोसेसर जाळून जातो. केबल नसताना एखाद्या पोर्टचा दिवा कायम लागलेला असेल, किंवा चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात राउटरचा तळ हात ठेववेना इतका तापत असेल, तर कितीही फ्लॅश मारलं तरी उपयोग नाही. तुमच्याकडे लाइट अपडेटच्या मध्येच गेली आणि त्याआधी सगळं ठीक चालू होतं, म्हणून मी हे जवळजवळ बाजूला ठेवतो. तरी एकदा हात लावून बघा.

आता ३०-३०-३० बद्दल. रिसेट ३० सेकंद दाबायचं, न सोडता पॉवर काढून आणखी ३०, परत पॉवर देऊन आणखी ३०. ही पद्धत डीडी-डब्ल्यूआरटी या पर्यायी फर्मवेअरच्या काळातल्या जुन्या राउटरांवरून आली. त्यानं फार तर सेटिंग पुसली जातात, आणि तुमचा घोटाळा सेटिंगचा नाहीच. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या मॉडेलमध्ये रिसेट दाबून ठेवून पॉवर देणं हाच रिकव्हरीचा दरवाजा आहे. म्हणजे तुम्ही ते करत होता तेव्हा बहुतेक राउटर फाइल मागत होता, आणि द्यायला समोर कुणी नव्हतं.

ते मागणं ऐकायची सोय आता करू.

लॅपटॉपचं वायफाय बंद करा. व्हर्च्युअल मशीनची वगैरे जास्तीची नेटवर्क कार्डं असतील तर तीही डिसेबल करा. लॅनच्या कार्डाला हातानं आयपी द्या: १९२.१६८.०.६६, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. केबल राउटरच्या लॅन पोर्टात, निळ्या वॅन पोर्टात नाही. आणि शक्य असेल तर लॅपटॉप आणि राउटरच्या मध्ये साधा चार-पाच पोर्टांचा नेटवर्कचा स्विच ठेवा. कुणाकडून तासाभरासाठी मागून आणा, पण आणा. कारण असं, की केबल थेट लावली तर राउटर बंद-चालू करताना लॅपटॉपला केबल निघाल्यासारखंच वाटतं. विंडोज त्या कार्डावरचा पत्ता बाजूला ठेवतं आणि लिंक परत आल्यावर सावरायला काही सेकंद घेतं. बूटलोडर थोडाच वेळ हाका मारतो आणि गप्प होतो. लॅपटॉप तयार होईपर्यंत त्याचं बोलून झालेलं असतं. मध्ये स्विच असला की लॅपटॉपच्या बाजूची लिंक तुटतच नाही. माणसं दोन-दोन दिवस झगडून शेवटी 'बूटलोडर गेला' म्हणून सोडून देतात आणि अडचण एवढीच असते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की स्विचशिवाय मी हे काम सुरूच करत नाही.

लॅपटॉपवर वायरशार्क (केबलवरून काय येतं-जातं ते दाखवणारा प्रोग्रॅम) टाका आणि लॅनच्या कार्डावर कॅप्चर सुरू करा. राउटर त्याच्या बटणावरून बंद करा. मागचं डब्ल्यूपीएस/रिसेट बटण दाबून धरा, धरलेलं असतानाच पॉवर चालू करा, आणि समोरचा कुलपाच्या चिन्हाचा दिवा लागेपर्यंत सोडू नका. आठ-दहा सेकंद लागतात. आता स्क्रीनकडे बघा. बूटलोडर जिवंत असेल तर एआरपीची, म्हणजे 'हा पत्ता कुणाकडे आहे' असं विचारणारी, एक ओळ येते: हू हॅज १९२.१६८.०.६६, टेल १९२.१६८.०.८६. म्हणजे राउटरनं स्वतः ८६ नंबरचा पत्ता घेतलाय आणि तो ६६ नंबरवाल्याला, म्हणजे तुमच्या लॅपटॉपला, शोधतोय. ही ओळ दिसली की निम्मं काम झालं. सगळ्यांनी मेलेला म्हणून सोडलेल्या डब्यातून ती ओळ उमटते, तेव्हा १७ वर्षांनंतरही मला तितकाच आनंद होतो.

ओळ दिसली तरच पुढं. या मॉडेलमध्ये राउटर मागणारा आणि लॅपटॉप देणारा, म्हणून लॅपटॉपवर टीएफटीपीचा (नेटवर्कवरून फाइल देण्या-घेण्याच्या साध्या पद्धतीचा) सर्व्हर लागतो. विंडोजवर टीएफटीपीडी६४ वापरा. छोटा प्रोग्रॅम आहे, फुकट आहे. एक रिकामा फोल्डर करून तो त्यात निवडा, खालच्या इंटरफेसच्या यादीत १९२.१६८.०.६६ निवडा. विंडोजची फायरवॉल या कामापुरती बंद करा, कारण टीएफटीपी यूडीपीच्या ६९ नंबरच्या पोर्टावर चालतं आणि फायरवॉल ते न विचारता अडवते. काम झालं की फायरवॉल परत चालू करायची आठवण ठेवा.

फाइलचं नाव व्हर्जन ९ साठी असं: डब्ल्यूआर८४१एनव्ही९_टीपी_रिकव्हरी.बिन. हे अर्थात इंग्रजी अक्षरांत टाईप करायचं, सगळी अक्षरं लहान, मध्ये स्पेस नाही, अंडरस्कोअर दोन. विंडोज शेवटचं बिन लपवून ठेवत असेल तर तुमच्या हातून बिन दोनदा लागतं आणि फाइल सापडत नाही. म्हणून आधी एक्स्टेन्शन दिसतील असं सेटिंग करा. आणि मी सांगतो म्हणूनही नावावर विश्वास ठेवू नका. फोल्डर रिकामा ठेवून एकदा वरची क्रिया करा. टीएफटीपीडी६४ च्या लॉगमध्ये राउटरनं नेमकं कोणतं नाव मागितलं ते लिहून येतं आणि पुढं फाइल सापडली नाही असा शेरा येतो. त्या ओळीतलं नाव जसंच्या तसं फाइलला द्या. व्हर्जन बदललं की नाव बदलतं, ८ चं वेगळं, ११ चं वेगळं. इकडून-तिकडून वाचलेल्या नावांपेक्षा राउटर स्वतः काय म्हणतो ते खरं.

आता फाइल, आणि इथं जरा थांबून वाचा, कारण निम्मी माणसं इथं अडकतात. लेबलवरचं मॉडेल आणि व्हर्जन दोन्ही जुळेल अशीच फाइल कंपनीच्या साइटवरून घ्या. '८४१एन' एवढंच बघून चालत नाही. त्याच नावाखाली कंपनीनं वेगवेगळे प्रोसेसर बसवले आहेत. व्हर्जन ९ मध्ये क्वालकॉमचा क्यूसीए९५३३ आहे आणि व्हर्जन १३ मध्ये मीडियाटेकचा एमटी७६२८. एकाचं फर्मवेअर दुसऱ्याला कधीच चालणार नाही.

झिप उघडून आतली बिन फाइल काढा आणि तिच्या प्रॉपर्टीजमध्ये नेमके बाइट किती आहेत ते बघा. फर्मवेअरच्या जागेत मावतात ३९,३२,१६० बाइट, म्हणजे वर म्हटलेले ३.७५ एमबी. नावात 'बूट' असलेली फाइल साधारणपणे ४०,६३,७४४ बाइटची असते. फरक १,३१,५८४ बाइटांचा. त्यातले ५१२ बाइट डोक्यावरच्या माहितीचे आणि १२८ केबी बूटलोडरचे. रिकव्हरीत फाइल थेट फर्मवेअरच्या जागेवर लिहिली जाते. न कापलेली फाइल दिली, तर जिथं फर्मवेअर हवं तिथं आणखी एक बूटलोडर जाऊन बसतो आणि राउटर पुन्हा तिथंच थांबतो. म्हणून अशा 'बूट'वाल्या फाइलचे सुरुवातीचे १,३१,५८४ बाइट कापून टाकायचे.

लिनक्सवर हे डीडी कमांडनं एका ओळीत होतं: बीएस ५१२ ठेवायचा आणि स्किप २५७. हिशेब करून बघा, २५७ गुणिले ५१२ बरोबर १,३१,५८४ येतात. विंडोजवर एचएक्सडी हा हेक्स एडिटर घ्या, फाइल उघडा, शून्यापासून तेवढे बाइट सिलेक्ट करून डिलीट करा आणि नव्या नावानं सेव्ह करा. एचएक्सडीत एक खूण हाताशी मिळते. उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात टीपी-लिंक टेक्नॉलॉजीज असं कंपनीचं नाव वाचता येतं. न कापलेल्या फाइलमध्ये ते अगदी सुरुवातीला दिसतं आणि १,३१,५८४ बाइटांनंतर परत एकदा दिसतं. ते दुसरं नाव आता फाइलच्या पहिल्याच ओळीत आलं असेल आणि एकूण आकार ३९,३२,१६० भरत असेल, तर कापणी बरोबर झाली.

फाइल फोल्डरात ठेवा, लॅपटॉप चार्जर आणि राउटरचा अडॅप्टर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर आभाळ निवळलेलं असताना करा, वाऱ्यापावसात नको. मग तीच क्रिया: बटण दाबून धरा, पॉवर द्या, कुलपाचा दिवा लागला की सोडा. या वेळी टीएफटीपीडी६४ मध्ये हिरवी पट्टी सरकताना दिसेल आणि काही सेकंदांत संपेल. इथं माणसाला वाटतं झालं. झालेलं नसतं. फाइल फक्त राउटरच्या रॅममध्ये पोहोचली, आता बूटलोडर फ्लॅश पुसून ती लिहितोय. पूर्ण पाच मिनिटं घड्याळ लावून हात लावू नका. बहुतेक वेळा तो आपला आपण परत चालू होतो. पाच मिनिटांनी काहीच हालचाल नसेल तरच पॉवर काढून परत द्या.

मग लॅनचा आयपी परत ऑटोमॅटिक करा आणि १९२.१६८.०.१ उघडा. नाव-पासवर्ड दोन्ही ॲडमिन. पान आलं की आधी फॅक्टरी रिसेट मारा, म्हणजे जुन्या सेटिंगचं अर्धवट काही राहिलं असेल ते जाईल. मग पासवर्ड बदला आणि वायफाय लावा.

पट्टी सरकलीच नाही तर? लॉगमध्ये मागणी आली पण फाइल गेली नाही, तर नाव किंवा फोल्डर चुकलाय. एआरपीची ओळ आली पण लॉग कोरा, तर फायरवॉल किंवा अँटिव्हायरस. एआरपीही नाही, तर केबल, पोर्ट, स्विच बदला आणि दहा वेळा तरी करा, बटण धरायची वेळ थोडी कमी-जास्त करून. लॅपटॉपला लॅनचा पोर्ट नसेल तर यूएसबीचा लॅन डोंगल चालतो. एवढ्यावरही शांतताच असेल तर झाकण उघडायची वेळ आली.

आत बोर्डावर ओळीनं चार भोकं दिसतील, ती सिरियल पोर्टाची, म्हणजे बूटलोडरशी थेट तारेनं बोलायची जागा. त्यासाठी यूएसबी ते टीटीएल कनव्हर्टर घ्या, सीपी२१०२ किंवा सीएच३४० वाला, आणि तो ३.३ व्होल्टचाच आहे याची खात्री करा. जुन्या कॉम्प्युटरच्या नऊ पिनांच्या पोर्टाला थेट जोडलंत तर तिथल्या जास्त व्होल्टेजनं राउटरचा प्रोसेसर जातो. मल्टिमीटरनं ग्राउंड शोधा, चालू असताना स्थिर ३.३ दाखवणारी पिन व्हीसीसी, म्हणजे वीजपुरवठ्याची. ती मोकळीच सोडायची, जोडायची नाही. सुरू होताना ज्या पिनवर आकडा हलतो ती टीएक्स, म्हणजे बोलायची पिन. राउटरची टीएक्स कनव्हर्टरच्या आरएक्सला, म्हणजे ऐकायच्या पिनला, आणि उलट, ग्राउंड ग्राउंडला. पुटी या टर्मिनलच्या प्रोग्रॅममध्ये वेग १,१५,२००. आता जे आधी नेटवर्कवरून अंदाजानं ऐकत होतो, ते अक्षरांत दिसायला लागतं: रॅम किती, फ्लॅश किती, मग ऑटोबूटिंगची एक सेकंदाची मोजणी. त्या एका सेकंदात लहान अक्षरांत 'टीपीएल' टाईप केलं की बूटलोडर थांबतो आणि कमांडची वाट बघतो. एक सेकंद फारच थोडा, म्हणून ही तीन अक्षरं नोटपॅडमधून कॉपी करून ठेवा आणि पेस्ट करा.

इथून टीएफटीपीनं फाइल रॅममध्ये घेऊन, फ्लॅश पुसून, कॉपी करता येते. पण पुसायच्या कमांडमधला पत्ता एंटर दाबण्याआधी तीनदा वाचा. फर्मवेअर ९एफ०२०००० पासून सुरू होतं. बूटलोडर ९एफ०००००० पासून. दोन्हींत फरक त्या एका २ चा आहे. तो २ राहिला तर तुम्ही ज्याच्याशी बोलताय तोच पुसला जातो, आणि पॉवर काढली की सिरियलवरही काही येत नाही. मी ही ओळ कधीच तोंडपाठ टाईप करत नाही. कागदावर लिहून, दुसऱ्याकडून वाचवून घेऊन, मगच एंटर.

सिरियलवर कचरा अक्षरं येत असतील तर वेग चुकलाय किंवा ग्राउंड लागलं नाही. आणि जोडणी नीट असूनही एक अक्षर येत नसेल, तर बूटलोडर गेला असं समजायला हरकत नाही. त्यावरही उपाय आहे, चिप थेट प्रोग्रॅम करणं. सीएच३४१ए प्रोग्रॅमर, आठ पायांची क्लिप आणि लिनक्सवर फ्लॅशरॉम हा प्रोग्रॅम. काळ्या रंगाच्या स्वस्त सीएच३४१ए मध्ये डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात आणि चिप ३.३ ची असते, हे माहीत असू द्या. माझ्याकडच्यात मी त्या तारा ३.३ वर आणायचा बदल करून घेतलाय. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर असेल तर त्यानं हे काम जास्त सुरक्षित होतं. क्लिप लावल्यावर प्रोग्रॅमरची वीज सगळ्या बोर्डात पसरते आणि वाचन गडबडतं, म्हणून हात बसलेला असेल तर चिपचं सोल्डर काढून ती बाहेर घेऊनच वाचलेली बरी.

लिहायच्या आधी चिप वाचायची. तीनदा वाचायची, तिन्ही फाइलींचं एमडी५, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, एकच आलं पाहिजे. ती प्रत जपून ठेवायची, कारण त्यात शेवटचे ६४ केबी एआरटी आहेत. ते आकडे फक्त तुमच्या नगाचे. ते गेले तर राउटर चालू होतो, पान उघडतं, पण वायफाय एकतर लागत नाही किंवा शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही, आणि ते आकडे घरी परत तयार करता येत नाहीत. तसाच मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवर त्या नगाची ओळख सांगणारा नंबर. या मॉडेलांत तो बूटलोडरच्या १२८ केबीमध्ये शेवटाकडे लिहिलेला असतो. सुरुवातीच्या काळात मी एका चालू राउटरची अख्खी ४ एमबीची प्रत काढून त्याच मॉडेलच्या बंद राउटरवर लिहिली होती. दोन्ही एकाच वसतिगृहातले. दोन्ही चालू झाले, आणि मग दोन मजल्यांवरचं नेट आळीपाळीनं तुटायला लागलं, कारण आता दोघांचा मॅक एकच होता. शोधायला दोन दिवस गेले, आणि मुलांच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे ते दिवस होते. तेव्हापासून दुसऱ्याच्या प्रतीतून मी फक्त बूटलोडर घेतो, मॅक त्याच नगाच्या लेबलवरचा लिहितो, आणि एआरटी त्याच चिपमधून वाचलेलं परत बसवतो.

हे सगळं तुमच्या मॉडेलचं झालं. घरात दुसऱ्या कंपनीचा राउटर असेल तर हीच कृती त्यावर करू नका, कारण दिशा बदलते. नेटगिअरच्या बऱ्याच मॉडेलांत राउटर स्वतः सर्व्हर होतो आणि लॅपटॉपनं फाइल ढकलायची असते, तिथं एनएमआरपीफ्लॅश नावाचं साधन उत्तम चालतं. असूसमध्ये पॉवरचा दिवा सावकाश लुकलुकायला लागला की तो रेस्क्यू मोडमध्ये आलाय, आणि कंपनीचाच फर्मवेअर रिस्टोरेशन प्रोग्रॅम मिळतो. डी-लिंकच्या पुष्कळ मॉडेलांत रिसेट धरून चालू केलं की ब्राउझरमध्येच फाइल टाकायचं छोटं पान येतं, तेवढं सोपं दुसरं काही नाही. केबलवाल्यांकडे असतात ते मायक्रोटिक, त्यांना नेटइन्स्टॉल हा कंपनीचाच प्रोग्रॅम. आणि फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, यातलं काहीही करू नका. तो नेट देणाऱ्याचा असतो, त्याची नोंद त्यांच्या यंत्रणेत असते, बदलून तेच देतात.

एक शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही तरी. राउटर चालू झाला की त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत पर्यायी फर्मवेअर टाकायचं मनात येईल. हा प्रकल्प लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरच्या उघड्या झालेल्या सोर्सकोडवरून २००४ मध्ये सुरू झाला, आणि बंद पडलेल्या राउटरांबद्दल मी जे शिकलो त्यातलं पुष्कळसं याच मंडळींनी लिहून ठेवलेल्या माहितीमुळे. पण तुमच्या राउटरमध्ये ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम आहे, आणि एवढ्या लहान यंत्रांसाठी त्यांची शेवटची आवृत्ती १९.०७ होती. तिला २०२२ पासून सुरक्षेची अपडेट येत नाहीत. म्हणून कंपनीचंच सगळ्यात नवं फर्मवेअर ठेवा, आणि जमलं तर हा राउटर इंटरनेटच्या तोंडावर न ठेवता ओएनटीच्या मागे, ॲक्सेस पॉइंट म्हणून मागच्या खोलीला वायफाय द्यायला वापरा. त्या कामाला तो अजून चांगला आहे.

आज फक्त एवढंच करा: स्विच मिळवा, वायरशार्क लावा आणि बटण धरून चालू करा. ६६ ला शोधणारी ओळ येते की नाही ते कळवा, आणि आली तर टीएफटीपीडी६४ च्या लॉगमधलं फाइलचं नाव आणि तुमच्याकडच्या फाइलचे नेमके बाइट लिहा. पुढचं त्यावरून ठरवू.